अण्णांचं बोट आणि चौकोनी भोक

आमच्या समोरच्या वहिनींनी दिवाळीच्या आधी दाराला नवीन तोरण लावलं आणि त्याच्या शेजारी लाल दोऱ्यात ओवलेली तीन पिवळी नाणी टांगली. फेंगशुईची. दादरला फुटपाथवरसुद्धा मिळतात तसली, मधे चौकोनी भोक आणि भोवती चार चिनी अक्षरं. माझे वडील, अण्णा, रोज संध्याकाळी माझा हात धरून गॅलरीत फेऱ्या मारतात. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे, त्यामुळे वाटेत जे लागेल ते हाताने बघतात. त्या दिवशी हात त्या नाण्यांना लागला. अंगठा आणि तर्जनीच्या मधे धरून त्यांनी एक नाणं कडेकडेने फिरवलं.

"बाय, हे पितळ ओतलेलं नाय. प्रेसमधून काढलंय."

"नाणी तशीच काढतात ना, अण्णा."

"मग भोक गोल ठेवायचं. चौकोनी भोकाला डाय बनवायला वेळ लागतो, पैसा लागतो. उगाच कोण करील? काहीतरी कारण असणार."

त्या एका वाक्याने माझा पुढचा दीड महिना घेतला.

अण्णा ८४ वर्षांचे आहेत. कुर्ल्यातल्या एका पितळेच्या फाउंड्रीत ३४ वर्षं मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे, होते. नळाचे कॉक, व्हॉल्व्हच्या बॉड्या, समईचे खांब, देवळातल्या घंटा, येईल ते काम. फाउंड्री कधीच बंद पडली, त्या जागेवर आता टॉवर आहे. मी ३१ वर्षं बँकेत कॅशवर बसले. म्हणजे एकाच घरात एकाने जन्मभर पितळ हाताळलं आणि दुसरीने नाणी मोजली, पण पितळेचं ओतीव नाणं दोघांनीही कधी हातात घेतलं नव्हतं.

आपल्याकडे नाणी "पाडतात". टांकसाळ या शब्दातच टंक बसलेला आहे. आमच्या देवघरात आजीकडून आलेली एक शिवराई आहे. तिच्यावरची अक्षरं अर्धी बाहेर गेलीत, कारण तांब्याच्या तुकड्यावर ठसा धरून हातोडा मारला की तो बसेल तिथे बसतो. फोर्टातल्या टांकसाळीची नाणीही ठशाचीच, हातोड्याच्या जागी यंत्र आलं एवढंच. चीनमध्ये मात्र दोन हजार वर्षं नाणी ओतली गेली. छिन घराण्याच्या पहिल्या सम्राटाने इ.स.पू. २२१ मध्ये सगळी राज्यं एका छत्राखाली आणली आणि गोल आकाराचं, चौकोनी भोकाचं नाणं देशभर लागू केलं. १९१२ मध्ये शेवटचा सम्राट पायउतार झाला तोपर्यंत तो घाट टिकला. १८८९ मध्ये ग्वांगदोंगमध्ये यंत्रावर अशी नाणी काढायला सुरुवात झाली, पण तोवर वेळ सरत आली होती.

हे वाचल्यावर मला खरं नाणं अण्णांच्या हातात द्यायचं होतं. एका शुक्रवारी चोर बाजारात गेले. मटण स्ट्रीटवर एका चाचांकडे बिस्किटाच्या डब्यात जुनी नाणी होती. त्यात भोकाचा पैसा होता, १९४३ चा. अण्णांनी लहानपणी खाऊला वापरलेला हाच तो, गोल भोकाचा. आणि तळाशी मळकट, शेवाळी झाक आलेलं एक चिनी नाणं. दीडशे रुपयांना घेतलं. आमच्या ओळखीच्या सोनाराने काट्यावर ठेवलं तर ४.२ ग्रॅम भरलं.

घरी येऊन भिंग लावून अक्षरं जुळवली. वरचं आणि खालचं मिळून सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव, च्यानलोंग. मग उजवं आणि डावं मिळून तोंगबाओ, म्हणजे चलनातला ठेवा. च्यानलोंगची कारकीर्द १७३५ ते १७९६. तेव्हा आपल्याकडे पेशवाई होती, पहिल्या बाजीरावापासून सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतरच्या गोंधळापर्यंतचा सगळा काळ. मागच्या बाजूला मांचू लिपीतल्या दोन उभ्या ओळी आहेत, कारण च्यानलोंगचं छिंग घराणं ईशान्येकडच्या मांचू लोकांचं होतं. त्यातली एक ओळ टांकसाळीचं नाव सांगते. माझं नाणं बेजिंगच्या महसूल खात्याच्या टांकसाळीचं निघालं. (टांकसाळ म्हणतेय खरी, पण त्या जागेला ओतशाळा हाच शब्द शोभेल.)

रात्री जेवणं झाल्यावर ते मी अण्णांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी आधी अक्षरांना हात लावलाच नाही. थेट कडेला गेले. तर्जनीचं टोक कडेवरून हळूहळू फिरवत एक पूर्ण वळसा घेतला, मग उलटा घेतला. एका ठिकाणी थांबले, पुन्हा तिथेच आले.

"हे ओतलंय. इथे गेट होता, रस आत जायची वाट, बघ. इथून तोडलंय." मी भिंगातून पाहिलं. कडेच्या एका तुकड्यावर अंमळ सपाटी होती, नखाएवढीही नाही. "आणि मग कानस मारलीय. पण एकट्यावर नाय मारलेली."

"कशावरून?"

"एकटी पातळ चकती घेऊन कानस मारलीस तर हात हलतो, कड गोल होत जाते. ही कड सरळ आहे. आणि रेघा सगळ्या एकाच तिरक्या दिशेनं गेल्यात. पुष्कळ एकत्र बांधून मारलीय." मग जरा थांबून म्हणाले, "चौकोनी भोक त्यासाठीच आहे गो. चौकोनी सळई घालायची. गोल सळईवर कानसेखाली फिरतील ना सगळी."

या चौकोनी भोकाबद्दल मी तोवर एकच गोष्ट वाचली होती, ती म्हणजे आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी, म्हणून नाणं तसं. तो अर्थ चिनी माणसांनी मनापासून मानला आहे आणि मला तो सुंदरही वाटतो. पण अण्णांना नाणं हातात घेतल्यापासून पाच मिनिटांत जे कळलं तेही तितकंच खरं आहे. १६३७ मध्ये सोंग यिंगशिंग नावाच्या माणसाने चीनमधल्या सगळ्या कारागिऱ्यांवर एक ग्रंथ लिहिला, तियानगोंग काइवू. त्यात नाणी ओतण्याचं वर्णन आहे. बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्टीवर शेकडो नाणी ओवून आधी सगळ्यांच्या कडा एकदम कानसायच्या, मग सपाट बाजू एकेक करून, असं त्याने स्पष्ट लिहिलंय.

ते वर्णन मी अण्णांना मराठीत सांगत वाचून दाखवलं. चार लाकडी पट्ट्यांची, फूटभराहून थोडी जास्त लांबीची चौकट. त्यात अगदी बारीक चाळलेली माती आणि कोळशाची पूड ठासून भरायची. वर विलो झाडाच्या कोळशाची राख भुरभुरायची.

"पार्टिंग," अण्णा म्हणाले. "आम्ही कपड्याच्या पोटलीत बांधून आपटायचो. नायतर दोन पेट्यांची रेती एकमेकीला चिकटते."

मग त्यावर शंभर नाणी मांडायची, कथलाची कोरलेली. यांना चिनी भाषेत आई-नाणी म्हणतात.

"पॅटर्न. जरा मोठी असणार ती."

खरंच मोठी असत. धातू थंड होताना आकसतो, म्हणून साच्यासाठीचा नमुना मोठा करावा लागतो. छिंग काळात तर याची उतरंड होती. आधी एक नाणं हाताने कोरायचं, त्यावरून आई-नाणी ओतायची आणि त्या आई-नाण्यांवरून बाजारात जाणारी. चोरून नाणी बनवणाऱ्यांकडे आई-नाणं नसे. ते बाजारातलंच नाणं रेतीत दाबून साचा करत, त्यामुळे त्यांचं नाणं मूळ नाण्यापेक्षा बारीक निघे, आणि त्यावरून पुन्हा ओतलं तर आणखी बारीक. कॅशवर बसणाऱ्या बाईला हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! खोटी नोट आम्हीही आधी बोटानेच ओळखायचो.

साच्यावर दुसरी चौकट बसवायची, उलटवायची, आई-नाणी अलगद काढून घ्यायची, मधून रस जायला वाट ठेवायची, चौकटी दोरीने घट्ट आवळायच्या आणि ओतायचं. उघडल्यावर नाणी फांदीला फळं धरावीत तशी दिसतात, असं सोंग लिहितो. अण्णा या ठिकाणी हसले. कॉकचा घोसही तसाच निघायचा, मधे रनरचा, म्हणजे रसाच्या मुख्य वाटेचा, दांडा आणि दोन्ही बाजूंना कॉक. मी लहान असताना डबा द्यायला गेले की ते मला गार झालेला एखादा घोस दाखवायचे. मी त्याला झाड म्हणायचे, हे त्यांच्या लक्षात होतं. माझ्या नव्हतं.

पण अण्णा खरे गप्प झाले ते पुढच्या ओळीला. सोंग सांगतो की नाण्यासाठी सहा-सात भाग तांबं आणि तीन-चार भाग जस्त घ्यावं, आणि जस्त कडक आगीत गेलं की त्याचा चौथा हिस्सा हमखास उडून जातो.

"हा माणूस भट्टीपाशी उभा राहिलेला आहे," अण्णा म्हणाले.

तांबं वितळायला १०८५ अंश लागतात आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे वितळलेल्या तांब्यात जस्त टाकलं की ते उकळणारच. मुशीच्या तोंडावर हिरवट निळी ज्वाळा उठते आणि पांढरा धूर निघतो, पिंजलेल्या कापसासारखा, त्याचे पुंजके हवेत तरंगत कपड्यांवर, भुवयांवर बसतात. अण्णा जस्त नेहमी शेवटी टाकत, कागदात गुंडाळून, चिमट्याने खोल दाबून. तरी धूर यायचाच. त्या फाउंड्रीत मास्क कुणी कधी दिला नाही. ज्या दिवशी मोठं ओतकाम असेल त्या रात्री अण्णांना हुडहुडी भरायची, तोंडाला गोडसर धातूची चव यायची, दोन गोधड्या घालूनही दात वाजायचे. सकाळी ताप उतरलेला आणि अण्णा पुन्हा कामावर. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी तर ठरलेलंच, कारण रोजच्या धुराने अंगाला झालेली सवय एका दिवसाच्या सुट्टीत जाते. आई गूळ आणि गरम दूध द्यायची. आम्ही पोरं त्याला "भट्टीचा ताप" म्हणायचो, आणि तो सगळ्यांच्याच वडलांना येतो असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

चीनमध्ये हा धूर नाण्यांच्या भट्टीत तसा उशिराच शिरला. आधीची नाणी काशाची होती, तांबं, कथील आणि शिसं. मिंग घराण्याच्या जियाजिंग सम्राटाच्या कारकिर्दीत, म्हणजे सोळाव्या शतकात, नाण्यांसाठी पितळ आलं आणि तिथून पुढे शेवटपर्यंत पितळच राहिलं. शुद्ध जस्त काढणं मुळात अवघड, कारण भट्टीत ते वाफ होऊन निघून जातं. ती वाफ बंद भांड्यात धरून गार करावी लागते. आपल्याकडे उदयपूरजवळच्या झावरला ही विद्या चीनच्याही आधीपासून होती. मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या लावून वाफ खाली उतरवत. तिथल्या वापरून झालेल्या मुशी रचून लोकांनी घरांच्या भिंती बांधल्या आहेत. अण्णांना मी तो फोटो वर्णन करून सांगितला तेव्हा त्यांनी मुशीची लांबी हाताने दाखवायला लावली.

माझ्या नाण्याच्या धातूत आणखी एक गंमत आहे. छिंग काळात वारंवार एकच दुखणं उद्भवे. नाण्यातल्या तांब्याची किंमत नाण्याच्या किमतीपेक्षा वर गेली की लोक नाणी वितळवून भांडी करत आणि बाजारात सुटे पैसे मिळेनासे होत. योंगझेंग सम्राटाने तांबं कमी करून निम्मं तांबं, निम्मं जस्त असं प्रमाण लावलं. त्याचा मुलगा च्यानलोंग. त्याच्या काळात १७४० मध्ये नवीन मिश्रण ठरलं, शंभरात ५० भाग तांबं, ४१.५ जस्त, ६.५ शिसं आणि २ भाग कथील. हे कथील कशाला, तर अशी नाणी वितळवून केलेलं पितळ ठोकताना फुटावं, त्याचं भांडं होऊ नये.

"बरोबर," अण्णा म्हणाले. "ओतायला चालेल. पण तांबटाच्या हातोडीखाली तडकेल." सम्राटाच्या दरबारात धातूची अशी पारख असलेला कुणीतरी बसला होता, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी आमच्या शेजाऱ्यांनाही सांगत होते.

तांबं कुठून यायचं, हे तर मला आजही नीट कल्पनेत आणता येत नाही. आधी ते जपानहून नागासाकीमार्गे जहाजाने येई. जपानने १७१५ मध्ये निर्यातीवर बंधनं घातली, मग चीनने नैऋत्येकडच्या युन्नानच्या डोंगरांतल्या खाणी वाढवल्या. तिथून घोड्या-बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या खांद्यावरून यांगत्से नदीपर्यंत. मग होड्यांत भरून खडकाळ घळींमधून खाली. तिथे होड्या बुडायच्या आणि पाणबुडे लावून तांबं वर काढायचं. पुढे मोठ्या कालव्याने उत्तरेला बेजिंगजवळ. वर्षाकाठी सुमारे ६० लाख चिन (हे तिकडचं वजनाचं माप), म्हणजे साडेतीन हजार टनांच्या वर तांबं या वाटेने एकट्या राजधानीसाठी जात असे. माझ्या तळहातावरच्या ४.२ ग्रॅममधलं अर्धं कदाचित त्या घळीतून आलेलं आहे.

आणि १७४१ मध्ये, म्हणजे ते कथलाचं मिश्रण ठरलं त्याच्या पुढच्याच वर्षी, बेजिंगच्या याच महसूल खात्याच्या टांकसाळीतल्या कामगारांनी मजुरीच्या तंट्यावरून काम बंद पाडलं. मी हे वाचून दाखवलं तेव्हा अण्णा ताठ बसले. १९८२ चा गिरणी संप आमच्या घरासमोरून गेलाय. काका गिरणीत होते, अण्णांच्या पगारावर दोन घरं चालत होती. "किती लोक होते? मिळालं का त्यांना काही?" असं ते विचारत राहिले, जणू कालच्या पेपरातली बातमी आहे.

माझं मन मात्र माझ्या धंद्याकडे गेलं. या नाण्यांची माळ करत, कागदावर हजार नाण्यांची, आणि तिचा सरकारी भाव एक ल्यांग (चांदी तोलायचं चिनी वजन) चांदी. शेतकरी धान्य विकून ही पितळी नाणी कमवायचा, पण कर चांदीत मोजावा लागायचा. एकोणिसाव्या शतकात अफूच्या बदल्यात चीनमधून चांदी बाहेर जाऊ लागली आणि १८४० च्या दशकात एका ल्यांगला दोन हजारांहून जास्त नाणी पडू लागली. कर तेवढाच, पण त्यासाठी दुप्पट माळा मोजायच्या. त्या अफूचा मोठा वाटा कुठून जात होता, तर माळव्यात पिकून मुंबई बंदरातून. आपल्या शहरातल्या किती हवेल्या, धर्मशाळा आणि इस्पितळं त्या व्यापाराच्या पैशावर उभी राहिली! मी फोर्टात नोकरी केली, त्या इमारतींच्या सावलीतून रोज चालत गेले. चीनच्या खेड्यातल्या एखाद्या बाईने कर भरायला नाण्यांची माळ सोडून मोजली असेल आणि ती कमी पडली असेल, तर त्यात आमच्या बंदराचा हात होता. हे मला निवृत्त झाल्यावर कळतंय, याचं वाईट वाटतं.

परवा रविवारी भाच्याने नूडल्स मागवले. त्याबरोबर त्या लाकडी चॉपस्टिक आल्या, वरच्या टोकाला चौकोनी असतात त्या. अण्णांनी चाचपून बघितली आणि म्हणाले, "बाय, ते नाणं आण. आणि वहिनीकडची ती तीन पण मागून आण." वहिनींनी दोरा सोडून दिली. अण्णांनी चारही नाणी चॉपस्टिकच्या जाड टोकावर चढवली, थोडी सैल होती म्हणून कागदाची घडी घालून घट्ट केली. डाव्या हातात काठी धरली. उजव्या हाताने माझी नखं घासायची छोटी कानस घेतली, नाण्यांना न लावता वरून हवेतच पुढेमागे चालवली. खांदा हलत नव्हता, फक्त मनगट आणि कोपर. भाचा मोबाईल खाली ठेवून बघत होता.

"नाणी मी नाही घासणार," अण्णा त्याला म्हणाले. "ती कुणीतरी आधीच घासलीत. मी फक्त दाखवतोय." मग काठी माझ्याकडे देत त्यांनी विचारलं, "त्या लोकांना रात्री ताप येत असेल तेव्हा काय देत असतील गो? तिकडे गूळ असतो का?"

मी सांगितलं, असतो. दक्षिणेकडे ऊस होतो, गूळही होतो.

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि ते जुनं नाणं काठीवरून उतरवून सदऱ्याच्या खिशात टाकलं.